ट्विकनमची स्टेडियम टूर: रग्बीची टीम कशी निवडतात हे बघायचं असेल तर इथे जा

लंडनला आलेले आपले लोक लॉर्ड्सला जातात, वेम्बलीला जातात, मादाम तुसाँमध्ये रांगा लावतात, पण ट्विकनमला कोणीच जात नाही. मला हे खरंच पटत नाही, कारण एखादी टीम मोठ्या मॅचची तयारी कशी करते, पंधरा जण कोण, बाकावर कोण, आणि घरी कोणाला पाठवायचं हे सगळं कसं ठरतं हे समजून घ्यायला ह्या टूरइतकी चांगली जागा मी अजून बघितलेली नाही. पुण्याहून भाऊजी आले होते, त्यांना घेऊन गेलो. भाऊजी कबड्डीवाले, रग्बी म्हणजे नुसती धटिंगगिरी असं त्यांचं जुनं मत, तर त्या दिवसाचा हा सविस्तर रिव्ह्यू. थोडा लांबलाय, कारण मला ह्या खेळाबद्दल मनापासून वाटतं आणि मराठीत ह्यावर कोणी लिहीत नाही.

आधी एक गोष्ट, २०२४ पासून स्टेडियमचं अधिकृत नाव अलायन्झ स्टेडियम आहे, बुकिंग करताना तेच दिसेल, गोंधळून जाऊ नका. बोलताना सगळे ट्विकनमच म्हणतात आणि मीही तेच लिहिणार. ८२ हजारांचं स्टेडियम, फक्त रग्बीसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये जगात सगळ्यात मोठं. १९०७ मध्ये बिली विल्यम्स नावाच्या माणसाने ही दहा एकर जमीन घेतली तेव्हा इथे भाजीचा मळा होता, त्यामुळे अजूनही ह्याला लोक कोबीचा मळा म्हणतात, स्टेशनजवळ त्या नावाचा पबसुद्धा आहे. इथली पहिली आंतरराष्ट्रीय मॅच १९१० च्या जानेवारीत, इंग्लंड विरुद्ध वेल्स. इतिहास मी इथेच आवरतो, तो गाइड सांगतातच आणि विकिपीडियावरही आहे.

टूर गाइडबरोबरच करायची असते, आपलं आपण फिरू देत नाहीत. आमचे गाइडकाका सत्तरीचे, आयुष्यभर क्लब रग्बी खेळलेले, कान चुरगळलेले (स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण भिडून ढकलतात त्यात, डोकं घालून घालून होतात तसे), आणि बोलायला एकदम मोकळे. पाठ केलेलं बोलत नव्हते, तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देत होते, म्हणून माझा पहिला सल्ला हाच की प्रश्न विचारा, भरपूर विचारा, गप्प राहिलात तर स्टँड आणि खुर्च्या बघून बाहेर याल.

आता मुख्य गोष्ट, इंग्लंडची ड्रेसिंग रूम. ह्या एका खोलीसाठी तिकिटाचे पैसे वसूल. आत गेल्यावर चारी बाजूंनी बाकं, प्रत्येक नंबरची जागा ठरलेली, जर्सी टांगलेल्या. १ ते १५ सुरुवातीचे आणि १६ ते २३ बाकावरचे. काकांनी आम्हाला सांगितलं की कोणीतरी एक नंबर निवडा आणि त्याच्या जागी बसा. भाऊजी जाऊन बसले १८ नंबरखाली, सहज, रिकामी होती म्हणून. काका हसले आणि म्हणाले ही ह्या खोलीतली सगळ्यात अवघड जागा आहे. पुढचा बराच वेळ त्यांनी ह्या १८ नंबरवरच घालवला, आणि खरं सांगतो, रग्बीची टीम कशी निवडतात हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं सलग समजलं.

तर ते असं आहे. मॅचसाठी २३ जण निवडायचे, १५ मैदानात आणि ८ बाकावर. ऐकायला सोपं, पण स्क्रममध्ये सगळ्यात पुढे तिघं असतात, डावीकडचा लूजहेड प्रॉप, मधला हूकर आणि उजवीकडचा टाइटहेड प्रॉप, आणि ह्या तिघांची कामं इतकी वेगळी आणि इतकी धोक्याची की तिथे दुसऱ्या कोणाला उभं करता येत नाही, मान मोडायची. म्हणून नियमच आहे की तिन्ही जागांसाठी बाकावर तिथलाच शिकलेला माणूस पाहिजे. म्हणजे आठातले तीन कोचच्या हातातून आधीच गेले, १६ हूकर, १७ लूजहेड, १८ टाइटहेड. उरले पाच. ह्या पाचांत किती फॉरवर्ड घ्यायचे, म्हणजे स्क्रममधले दांडगे, आणि किती बॅक, म्हणजे मागचे पळणारे आणि किक मारणारे, ह्याच्यावर आठवडाभर डोकं चालतं. पूर्वी बहुतेक टीम पाच फॉरवर्ड तीन बॅक घ्यायच्या. साउथ आफ्रिकेने सहा-दोन केलं आणि सगळं गणित बदललं.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे बदली खेळाडू हा बदली नसतोच, तो पण प्लॅनमध्येच असतो." अगदी बरोबर बोलले. सत्तर-ऐंशी टक्के लोकांना वाटतं की जे पंधरात बसले नाहीत ते बाकावर, तसं नाहीये हो, कित्येकदा कोच चांगला माणूस मुद्दाम बाकावर ठेवतो कारण शेवटच्या अर्ध्या तासात समोरचा थकलेला असताना ताज्या दमाचा प्रॉप आत सोडला की स्क्रम अक्षरशः मागे सरकतो.

आणि १८ नंबर अवघड का, तर काकांनी २०१९ च्या वर्ल्ड कप फायनलचं उदाहरण दिलं, २ नोव्हेंबर, योकोहामा, इंग्लंड विरुद्ध साउथ आफ्रिका. आठवडाभर आधी सेमीफायनलला इंग्लंडने न्यूझीलंडला १९-७ ने हरवलेलं, मी ती मॅच बघताना उभाच होतो, इतकी सुंदर तयारी करून आलेली टीम क्वचित दिसते. इंग्लंडच्या कोचने, एडी जोन्सने, फायनलला तेच पंधरा जण ठेवले, एकही बदल नाही. बाकावर फक्त एक बदल, विली हाइन्झला सेमीफायनलमध्ये दुखापत झाली म्हणून बेन स्पेन्सरला इंग्लंडहून विमानात बसवून आणलं आणि थेट फायनलच्या २३ मध्ये घेतलं. फायनलच्या दिवशी इंग्लंडची बस ट्रॅफिकमध्ये अडकली, स्टेडियमवर उशिरा पोचली. मग मॅच सुरू झाली आणि तिसऱ्याच मिनिटाला टाइटहेड काइल सिंकलर स्वतःच्याच टीममधल्या मारो इटोजेला धडकून बेशुद्ध, बाहेर. १८ नंबरचा डॅन कोल आत आला, ज्याला खरं तर शेवटची वीस-पंचवीस मिनिटं खेळायचं होतं, त्याला जवळजवळ अख्खी मॅच खेळावी लागली, आणि समोर टेंडाइ म्टावारिरा, ज्याला सगळे बीस्ट म्हणतात. स्क्रमवर पेनल्टीवर पेनल्टी गेल्या, म्हणजे नियम मोडला म्हणून समोरच्यांना किक मारायची संधी. ३२-१२ ने हरले, त्या ३२ मधले २२ पॉइंट साउथ आफ्रिकेच्या एकट्या हान्द्रे पोलार्डच्या बुटाचे.

कोलचा ह्यात काडीचाही दोष नव्हता, त्याने त्या दिवशी जे सोसलं ते बघून मला वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं. पण खरी गंमत पुढे आहे, साउथ आफ्रिकेचेही त्याच मॅचमध्ये पहिल्या हाफमध्येच दोन फॉरवर्ड गेले, हूकर बोंगी म्बोनाम्बी आणि लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या ओळीतला) लूड डी याखर. त्यांच्या जागी कोण आले, तर माल्कम मार्क्स आणि फ्रँको मोस्टर्ट, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही टीममध्ये पहिल्या पंधरात सहज बसतील असे. सहा-दोनच्या बाकाने टीम जशीच्या तशी उभी राहिली. दुखापती दोघांच्या झाल्या, तयारी एकाची कामाला आली. हे सगळं काका सांगत होते तेव्हा आम्ही त्या बाकांवरच बसलेलो होतो आणि भाऊजींच्या डोक्यावर १८ नंबर, त्यामुळे ते असं डोक्यात बसलंय की बास.

मी मग २०२३ चं काढलं, कारण मला त्याबद्दल बोलायला कायम आवडतं. त्या वर्ल्ड कपला साउथ आफ्रिकेच्या मूळ स्क्वॉडमध्ये पोलार्ड नव्हताच, पोटरीच्या दुखापतीमुळे बाहेर होता. मग स्पर्धा चालू असताना मार्क्सचा गुडघा गेला, म्हणजे हूकर गेला, आणि त्यांनी हूकरच्या जागी हूकर बोलवायच्या ऐवजी पोलार्डला बोलावलं, फ्लायहाफला, म्हणजे १० नंबरच्या, खेळ चालवणाऱ्या बॅकला! तेव्हा खूप जणांना हे वेडेपणाचं वाटलं होतं. सेमीफायनलला इंग्लंड पुढे होतं, कोचनी अर्धा तास झाल्यावरच मानी लिबोकला काढून पोलार्डला आणलं, हाफ टाइमचीसुद्धा वाट बघितली नाही, आणि शेवटच्या मिनिटांत त्याने जवळजवळ ५० मीटरवरून पेनल्टी मारली, १६-१५. फायनलला तर सात-एक, बाकावर सात फॉरवर्ड आणि बॅक म्हणून एकटा विली ले रू. आणि झालं काय, तर सुरुवातीच्या तीन-चार मिनिटांतच म्बोनाम्बी जखमी, मार्क्स तर आधीच घरी, म्हणून डीऑन फोरी आत, जो मुळात त्या टीममध्ये फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) म्हणून जास्त वापरला जायचा, त्याने सगळी मॅच हूकर म्हणून काढली. लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल रांगेत आत फेकतात ते, आणि फेकतो हूकर) डगमगले, पण १२-११ ने कप घेऊन गेले. मला हे धाडस प्रचंड आवडतं. कागदावर निवडलेल्या टीमचा हिशोब तिसऱ्या मिनिटाला उलटा होऊ शकतो हे माहीत असूनही इतकं टोकाचं निवडायचं, ह्याला छाती लागते. काकांना ते तितकंसं पटलं नाही, त्यांचं म्हणणं बाकावर निदान दोन बॅक हवेतच, एखाद्याचा पाय मुरगळला तर विंगवर फॉरवर्ड पळवणार का? आमचं ह्यावर बराच वेळ चाललं, मागचा ग्रुप येईपर्यंत.

ड्रेसिंग रूमबद्दल अजून एक, क्लाइव्ह वुडवर्ड इंग्लंडचा कोच असताना त्याने ही खोली नव्याने करून घेतली होती, कारण त्याचं म्हणणं खेळाडूला आत पाऊल टाकल्यावर कळलं पाहिजे की आपण कुठे आलोय. हाच माणूस हाफ टाइमला सगळ्यांना कोऱ्या जर्सी घालायला लावायचा, म्हणजे पहिला हाफ कसाही गेला असला तरी दुसरा नव्याने सुरू. समोरच्याच्या हाताला पकडायला कापड मिळू नये म्हणून २००३ मध्ये अंगाला चिकटून बसणाऱ्या जर्सी आणल्या, नजर तयार करायला वेगळी कोच ठेवली. लोक हसले होते. २२ नोव्हेंबर २००३ ला सिडनीत एक्स्ट्रा टाइममध्ये जॉनी विल्किन्सनने ड्रॉप गोल (चालू खेळात बॉल जमिनीवर टेकवून पोस्टमधून किक) मारला, तोही त्याच्या नेहमीच्या डाव्या पायाने नाही तर उजव्याने, २०-१७, वर्ल्ड कप. मग हसणं बंद झालं. तो उजवा पाय काही त्या दिवशी आकाशातून पडला नव्हता, सगळे घरी गेल्यावर एकटा थांबून किक मारत बसणारा पोरगा होता तो.

मॅचच्या आठवड्यात नक्की काय चालतं हे मी मुद्दाम विचारलं. इंग्लंडची टीम सरेमध्ये बॅगशॉटला पेनीहिल पार्क नावाच्या हॉटेलमध्ये राहते आणि तिथेच सराव करते, ट्विकनमला नाही. आठवड्याच्या सुरुवातीला समोरच्या टीमचे व्हिडिओ आणि अंगमेहनतीचा सराव, स्क्रम, मॉल (बॉलवाल्याला धरून उभ्यानेच ढकलाढकली), टॅकल, मधे एक दिवस आराम, मग हळूहळू भार कमी करत आणायचा, आदल्या दिवशी कॅप्टन्स रन, म्हणजे कॅप्टन टीमला हलका सराव देतो, लाइनआउटचे कॉल एकदा घोकून घ्यायचे आणि किक मारणारे पोस्टवर किक मारून घेतात. टीम जाहीर होते आठवड्याच्या मधे, पण खेळाडूंना आधीच कळलेलं असतं. स्क्वॉड मोठा असतो, पस्तीसच्या आसपास, त्यातले २३ राहिले की बाकीच्यांतले काही परत क्लबला पाठवतात, काही थांबतात आणि सरावात समोरची टीम होतात. म्हणजे स्कॉटलंडशी मॅच असेल तर ही पोरं आठवडाभर स्कॉटलंडसारखी खेळणार, त्यांच्या चाली पाठ करून स्वतःच्याच मित्रांना अडवणार, आणि शनिवारी सूट घालून स्टँडमध्ये बसणार. मला सगळ्यात जास्त ह्या पोरांबद्दल वाटतं. जिंकल्यावर फोटोत ती नसतात. पण मंगळवारी त्यांनी नीट झोडपलं नसतं तर शनिवारचे पंधरा जण तयार झालेच नसते. लग्नात मांडवात न दिसणाऱ्या पण भल्या पहाटेपासून भटारखान्यात उभ्या असलेल्या माणसांसारखं आहे हे. भाऊजींनी लगेच सांगितलं की त्यांच्या मंडळातही मोठ्या स्पर्धेच्या आधी दोन नंबरची टीम समोरच्या रेडरची नक्कल करायची, आणि तिथून पुढे ते काकांना कबड्डीतला बोनस आणि साखळी पकड समजावून सांगायला लागले, काका इतके रंगले की टूरचा वेळ तिथेच वाढला.

मग टनेल. टनेलमधून बाहेर मैदानाच्या कडेला नेतात, गवतावर पाय ठेवू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. रिकामं असूनही स्टँड अंगावर येतात. मॅचच्या दिवशी टीमची बस वेस्ट स्टँडबाहेर थांबते आणि खेळाडू दोन्ही बाजूंच्या गर्दीतून चालत आत येतात, ते मी आधी बघितलंय, तो आवाज छातीत जाणवतो. काकांनी वर बोट करून कोचची जागा दाखवली. रग्बीत हेड कोच मैदानाच्या कडेला नाही, वर स्टँडमध्ये बसतो, लॅपटॉप समोर, खाली पाणी घेऊन पळणाऱ्या माणसाच्या कानात वायरलेस. म्हणजे आठवडाभर जीव ओतून तयारी करून घेतल्यावर त्या माणसाच्या हातात उरतं काय, तर कोणाला कधी बदलायचं एवढंच. सगळा खेळ आधीच खेळून झालेला असतो त्याचा.

इथे पोस्टच्या जवळ उभं राहून मला २२ फेब्रुवारी २०२५ ची कलकत्ता कपची मॅच आठवली, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, आणि ह्यात सिलेक्शनची इतकी सुंदर गोष्ट आहे की सांगतोच. इंग्लंड त्याआधी स्कॉटलंडशी सलग चार वर्षं हरलेलं, २०२१ ते २०२४. त्या सीझनची सुरुवात डब्लिनमध्ये आयर्लंडशी हरून, तेव्हा १० नंबरला मार्कस स्मिथ. पुढच्या मॅचला कोच स्टीव्ह बोर्थविकने १० नंबरला फिन स्मिथ आणला, त्याची पहिलीच सुरुवातीची मॅच, आणि मार्कसला काढलं नाही तर मागे १५ ला फुलबॅक केलं. खूप टीका झाली, मार्कससारख्या खेळाडूला त्याच्या जागेवरून हलवायचं म्हणजे काय! फ्रान्सला २६-२५ ने हरवलं. मग कलकत्ता कपला तीच जोडी. आता हा फिन स्मिथ कोण, तर ह्याचे आजोबा टॉम एलियट स्कॉटलंडकडून प्रॉप खेळलेले आणि १९५५ च्या लायन्सच्या (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक टीमच्या) दौऱ्यावर गेलेले. नातू इंग्लंडचा १० नंबर घालून आजोबांच्या देशाविरुद्ध. आणि दुसऱ्या हाफमध्ये जी लांबची पेनल्टी होती ती मारायला बॉल फिनच्या हातात दिला, त्याने ती घातली. स्कॉटलंडने ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं, पाच पॉइंट) तीन केले, इंग्लंडने एकच, तरी स्कोर १६-१५ इंग्लंड, कारण स्कॉटलंडच्या फिन रसेलच्या तिन्ही कन्व्हर्जन (ट्रायनंतरच्या दोन पॉइंटच्या किक) हुकल्या, शेवटची तर अगदी मॅच संपता संपता, कडेवरून, गेली असती तर स्कॉटलंड जिंकलं असतं. पोस्टमधलं अंतर ५.६ मीटर. टीव्हीवर ते अंतर बरं वाटतं हो, मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहा म्हणजे कळेल की तिरक्या कोनातून तो दरवाजा किती बारीक दिसतो, आणि रसेलसारखा खेळाडू का चुकतो.

कलकत्ता कपचं नाव निघालंच आहे तर म्युझियमकडे येतो. टूरच्या तिकिटातच वर्ल्ड रग्बी म्युझियम येतं, साउथ स्टँडमध्ये आहे, त्याला निदान तासभर ठेवा. आणि आपल्यासाठी इथली मुख्य वस्तू हीच. १८७० च्या दशकात कलकत्त्यात इंग्रजांचा एक रग्बी क्लब होता, तो काही वर्षांत बंद पडला, मेंबर पोलोकडे वळले, हवाही ह्या खेळाला सोसवेना. खात्यात जे पैसे उरले ते त्यांनी चांदीच्या रुपयांत काढले, २७० रुपये, ते वितळवून तिथल्याच कारागिरांकडून कप करून घेतला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला पाठवून दिला. १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात, पहिली मॅच एडिंबरोला बरोबरीत सुटली होती. कप जवळून बघा. तीन हँडल म्हणजे तीन नाग, फणा वर काढून उभे, शेपटी खाली वळवलेली, आणि झाकणावर हत्ती, त्याच्या पाठीवर अंबारी. अंगभर नक्षी इतकी बारीक की चांदीच्या पेढीवरचा कोणीही माणूस पाच मिनिटं तिथून हलणार नाही. हत्तीचं काम बघून भाऊजी म्हणाले, "हे आपल्याकडचं काम आहे, सांगायला नको." १९८८ मध्ये मॅच झाल्यावर रात्री दोन खेळाडूंनी, इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री, हा कप एडिंबरोच्या रस्त्यावर बॉलसारखा लाथाडला होता आणि तो चेपला होता, दोघांनाही शिक्षा झाली. मला त्याचा राग आजही येतो. म्हणून आता मूळ कप फार नाजूक झालाय, मिरवायला हुबेहूब प्रती आहेत. ह्या कपासाठीच जाणार असाल तर तो सध्या इथे ठेवलाय का हे आधी विचारून घ्या, स्कॉटलंड जिंकलेलं असेल तर तो इथे दिसेलच असं नाही.

बाकी म्युझियममध्ये जुन्या जर्सी आहेत, अगदी १८७१ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मॅचच्या काळातल्या, तेव्हा एका बाजूला वीस जण खेळायचे. वीस जण! सिलेक्शन काय असेल तेव्हा, जो येईल तो.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने विचारलं की इंडियात रग्बी आहे का, तर मी अभिमानाने सांगितलं की बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात रग्बी चालतो, चिखलात, आझाद मैदानाच्या बाजूने जाताना मुंबईकरांनी तो बघितलेला असतो आणि बऱ्याच जणांना वाटतं मुलं पावसात मस्ती करतायत. अभिनेता राहुल बोस भारताकडून खेळलाय आणि आता आपल्या रग्बी फेडरेशनचा अध्यक्ष आहे. जून २०२५ ला रग्बी प्रीमियर लीगही मुंबईतच झाली, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात, सात-सात जणांची. सात जणांच्या खेळात ह्या १८ नंबरची भानगड नसते, तिथे पळणारे लागतात, म्हणून आपल्याकडच्या पोरापोरींना तिथे लवकर संधी आहे असं मला मनापासून वाटतं. कबड्डी खेळलेल्या पोरांना टॅकल शिकवायला फार वेळ लागणार नाही, भाऊजींनीच हे चार वेळा सांगितलं, स्टेशनपर्यंत.

आता कामाचं. टूर साधारण सव्वा ते दीड तासाची, चालणं आणि जिने आहेत, आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर बुकिंग करताना लिफ्टचं सांगून ठेवा. खूप लहान मुलांना बोलणं जड जाईल, दहा-बारा वर्षांच्या पुढे मस्त. खेळातलं काहीच माहीत नसेल तरी जा, पण आदल्या दिवशी एखाद्या मॅचचे हायलाइट्स बघून जा, निदान स्क्रम आणि लाइनआउट म्हणजे काय एवढं डोळ्याखालून घाला, मग ड्रेसिंग रूममध्ये दुप्पट मजा येते. स्टेडियमच्या दुकानात जर्सी महाग आहेत, मी भाच्यासाठी छोटा बॉल घेतला, तेवढा पुरे. खायला आम्ही घरून थेपले नेले होते, बाहेर बसून खाल्ले, नाहीतर ट्विकनम स्टेशनच्या रस्त्यावर हॉटेलं भरपूर आहेत.

जायचं कसं, तर वॉटरलूहून ट्रेनने ट्विकनम अर्ध्या तासात, पुढे दहा-पंधरा मिनिटं चालत. हाउन्स्लोकडे राहणाऱ्यांनी ट्रेनच्या भानगडीत पडू नका, २८१ नंबरची बस घ्या. मॅचच्या दिवशी टूर नसते, फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स (युरोपातल्या सहा टीमची स्पर्धा) आणि नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या टीम येतात तेव्हा तारखा पटापट जातात, त्यामुळे आधी ऑनलाइन बुक करा. जमलं तर मॅचच्या आठवड्यातलाच दिवस निवडा, टीम जाहीर झाल्यानंतरचा, आणि जाताना त्या शनिवारचे २३ जण मोबाइलवर काढून न्या. प्रत्येक नंबरखाली उभं राहून नाव वाचा आणि गाइडना विचारा की ह्याला का घेतलं, आणि १८ ला कोण आहे.

माझ्याकडून पाचपैकी पाच.